खोटं असतं तर काय दिसलं असतं?

विज्ञान शाखेच्या कॉलेजात फेब्रुवारी उजाडला की जर्नल पुरं करायची घाई सुरू होते. त्यात साध्या लंबकाचा प्रयोग असतोच. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस दोलनांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं, दोऱ्याची लांबी बदलत सहा-सात रीडिंग घ्यायची आणि त्यातून गुरुत्व त्वरणाची, म्हणजे ‘जी’ची किंमत काढायची. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं: ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. त्यामुळे बरीच मंडळी उत्तराकडून मागे चालत येतात. ९८० धरायचे, त्यातून वेळ काढायची, शेवटचा दशांश थोडा इकडेतिकडे करायचा, म्हणजे रीडिंग खरी वाटतात. याला विद्यार्थ्यांच्या भाषेत रीडिंग ‘कुक’ करणं म्हणतात. ज्यांना तेवढेही कष्ट नकोत ते शेजाऱ्याचं जर्नल छापतात.

नीतीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. आधी गणित बघू, कारण ते जास्त मजेदार आहे.

एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस दोलनं पुरी करायला साधारण चाळीस सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबणारा अंगठा माणसाचा असतो. सुरुवातीला आणि शेवटी मिळून सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकी चूक होणं अगदी साहजिक. म्हणजे अर्धा टक्का. ‘जी’ काढताना वेळेचा वर्ग घेतला जातो, त्यामुळे ही चूक उत्तरात दुप्पट होऊन उतरते: एक टक्का. ९८० चा एक टक्का म्हणजे जवळजवळ दहा. प्रामाणिकपणे प्रयोग केलेल्या बॅचमध्ये एकेका रीडिंगमधून येणारी किंमत ९७० पासून ९९० पर्यंत विखुरलेली असायला हवी, क्वचित त्याच्याही बाहेर. जर्नलमध्ये मात्र ओळीने ९७९.८, ९८०.१, ९८०.३ अशी शिस्तीत उभी राहिलेली उत्तरं असतात. चोरी पकडून देतो तो हा नीटनेटकेपणा.

आणखी एक गंमत. ९८०.६६५ ही ‘प्रमाण’ किंमत १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली, ती ४५ अक्षांश आणि समुद्रसपाटी डोळ्यांसमोर ठेवून. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि स्वतःभोवती फिरते आहे, त्यामुळे आपल्याकडे ‘जी’ थोडा कमी भरतो. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात तो ९७८.५ च्या आसपास आहे. तेव्हा पुण्यातल्या प्रयोगशाळेत बसून ९८०.६ लिहिणाऱ्याने उत्तर इटलीतलं गुरुत्वाकर्षण मोजलेलं असतं.

आकडे फार चांगले असले तरी संशय यावा, हे संख्याशास्त्राने जुन्या काळीच सांगून ठेवलं आहे. १९३६ साली रोनाल्ड फिशर यांनी मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे पुन्हा तपासले. मेंडेलचे नियम बरोबरच होते. पण निसर्गात योगायोगाने जेवढी गडबड होते तेवढीसुद्धा त्याच्या तक्त्यात दिसत नव्हती. ते आकडे कोणी नीट करून दिले की मेंडेलने नकळत निवड केली, यावर अजून वाद चालतो.

आता या प्रकरणाच्या विषयाकडे. चिकित्सक विचार कसा करावा यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी पुष्कळ लिहिलं जातं. त्यात सहसा कौशल्यांच्या याद्या असतात: प्रश्न विचारा, मोकळं मन ठेवा, पुरावा तपासा. यातलं काहीच चूक नाही आणि यातल्या कशाचाच उपयोग नाही, कारण ‘पुरावा तपासा’ म्हटल्यावर नेमकं करायचं काय, हे त्यात नसतं. माझ्या मते कॉलेजच्या वर्षांत एकच प्रश्न विचारायची सवय लागली तरी खूप झालं: ही गोष्ट खोटी असती, तर मला काय वेगळं दिसलं असतं? रीडिंग कुक करणारा विद्यार्थी गुण मिळवतो, पण हा प्रश्न गमावतो. त्याच्या जर्नलमध्ये ‘जी’ काहीही असता तरी ९८०च आला असता.

हा रोग फक्त सबमिशनच्या धावपळीत होतो असं नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची किंमत आजच्या किमतीपेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त फरकाने कमी होती. मोजमाप उत्तम होतं. हवेच्या श्यानतेचा जो आकडा त्यांनी वापरला तो किंचित चुकीचा होता. गंमत पुढे झाली. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या कॅलटेकमधल्या भाषणात ती सांगितली आहे. नंतरच्या लोकांनी मोजलेल्या किमती एकदम बरोबर जागी गेल्या नाहीत, हळूहळू वर सरकत गेल्या. कारण ज्याचं उत्तर मिलिकनपेक्षा बरंच जास्त यायचं, तो आपलं कुठे चुकलं ते शोधत बसायचा, आणि चुका शोधल्या की सापडतातच. उत्तर मिलिकनच्या जवळ आलं की मात्र शोध थांबायचा.

यात कोणी खोटं लिहिलं नाही. नावडतं उत्तर आलं की कसून तपासणी आणि आवडतं आलं की सुटका, एवढा पक्षपात पुरेसा झाला. आपण सगळे हेच करतो. आपल्या पक्षाविरुद्धची बातमी आली की ‘सोर्स काय?’ असं विचारतो. बाजूची आली की ती पुढे ढकलून मोकळे होतो.

या सवयीचं मूळ किती खोल आहे हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली दाखवलं. (मानसशास्त्राच्या प्रयोगांत कॉलेजचे विद्यार्थीच फार असतात, हाताशी असतात आणि स्वस्तात मिळतात.) वेसन यांनी २९ विद्यार्थ्यांना तीन आकडे दिले: २, ४, ६. हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सांगत जा, ते नियमात बसतात की नाही ते मी सांगेन. खात्री झाली की नियम जाहीर करा.

बहुतेकांच्या डोक्यात लगेच आलं, दोन-दोनने वाढणारे आकडे. मग ते विचारायचे, ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. १, ३, ५? हेही बसतात. खात्री झाली, नियम जाहीर केला, आणि तो चुकला. खरा नियम अगदी साधा होता: चढत्या क्रमाने असलेले कोणतेही तीन आकडे. १, २, ५० सुद्धा चालले असते. एकदाही न चुकता नियम ओळखणारे २९ पैकी फक्त सहा निघाले. बाकीच्यांनी प्रश्न कमी विचारले असं नव्हतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना ‘नाही’ हे उत्तर येण्याची सोयच नव्हती. आपली कल्पना मोडून पाहायची तर ३, २, १ किंवा १, २, ५० असं काहीतरी विचारावं लागतं. म्हणजे स्वतःच्याच कल्पनेशी जरा वाईट वागावं लागतं.

प्रयोगशाळेतून बाहेर येऊ. पुण्यातल्या सदाशिव पेठेत किंवा दिल्लीतल्या मुखर्जीनगरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या फ्लेक्सखालून रोज हजारो मुलं-मुली जातात. फ्लेक्सवर फोटो, रँक, हार, आणि मोठ्या अक्षरांत ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. त्या मजकुरातला एकेक शब्द खरा असू शकतो. खोटेपणा शोधायचा तो फ्लेक्सवर नसलेल्या आकड्यांत.

एक प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण घेऊ. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत ९३३ उमेदवारांची निवड झाली. त्यापैकी ६८२ जण आपले विद्यार्थी असल्याची जाहिरात एका क्लासने केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली तेव्हा कळलं की त्यातल्या ६७४ जणांनी तिथे फक्त मुलाखतीच्या सरावाचा कार्यक्रम केला होता, तोही मोफत. प्राधिकरणाने दंड ठोठावला. दंडाची बातमी लोक विसरतात, पण त्यामागचं गणित विसरण्यासारखं नाही.

त्या वर्षी अर्ज आले होते ११ लाखांहून जास्त. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले पावणेसहा लाखांच्या घरात. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले तेरा हजार. मुलाखतीला बोलावणं आलं ते २,५२९ जणांना, आणि निवड ९३३ जणांची. आता असं समजा की तुम्ही एक क्लास काढलात. शिकवत काही नाही. मुलाखतीला पात्र ठरलेल्या उमेदवारांना फक्त चहाला बोलावता, चार गप्पा मारता, फोटो काढून घेता. सगळे २,५२९ आले तर त्यातले ९३३ पुढे अधिकारी होणारच आहेत. म्हणजे तुमच्या चहाचा यशाचा दर ३७ टक्के! अर्ज करणाऱ्यांत हजारी एकसुद्धा पोहोचत नाही तिथे सदतीस टक्के. फ्लेक्स किती मोठा लावायचा तेवढं ठरवायचं.

इथे आपला प्रश्न लावून पाहा. हा क्लास निरुपयोगी असता, तर फ्लेक्स वेगळा दिसला असता का? नसता. अगदी तसाच दिसला असता. ज्या पुराव्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा, तो पुरावाच नव्हे. मग पुरावा कशाला म्हणायचं? दोन वर्षांच्या पूर्ण अभ्यासक्रमाला किती जणांनी फी भरली आणि त्यातले किती निवडले गेले, हा आकडा हवा. तोही पुरत नाही. क्लासने प्रवेश परीक्षा घेऊन आधीच हुशार मुलं निवडली असतील, तर ती क्लासशिवायही कदाचित निघाली असती. म्हणून तशाच तयारीची, पण क्लास न लावलेली मुलं तुलनेला हवीत. असा आकडा फ्लेक्सवर कधी दिसणार नाही. निदान प्रवेश घेण्याआधी काउन्सेलरला तो विचारावा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला होता आणि तो पैसे भरून केला होता का, हे जाहिरातीत सांगणं बंधनकारक आहे. वडिलांनी शेतीच्या तुकड्यावर कर्ज काढून मुलाला पुण्याला पाठवलेलं असतं. त्या घराच्या दृष्टीने ही चिकित्सा निव्वळ बौद्धिक चैन नाही.

वरच्या उदाहरणात एक गोष्ट सहज निसटेल. आपला प्रश्न कामी आला तो २,५२९ हा आकडा माहीत होता म्हणून. तो नसता तर प्रश्न तसाच हवेत राहिला असता. चिकित्सक विचार हा वेगळा विषय म्हणून, दोन क्रेडिटचा पेपर लावून शिकवता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं इथे पटत नाही. वेसन यांचंच दुसरं एक प्रसिद्ध कोडं आहे. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’ हा नियम तपासायला कोणते पत्ते उलटावेत? भले भले चुकतात. बरोबर उत्तर दहातल्या एकालाही जेमतेम येतं. विषम संख्येचा पत्ता उलटला पाहिजे, तिथेच नियम मोडलेला सापडू शकतो, हे सुचत नाही. १९८२ साली फ्लोरिडातल्या ग्रिग्ज आणि कॉक्स या दोन संशोधकांनी हेच कोडं वेगळ्या कपड्यांत विद्यार्थ्यांपुढे ठेवलं. तुम्ही पोलीस आहात. बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर हवं. एक जण बिअर पितोय, एक कोक, एकाचं वय २२, एकाचं १६. कोणाला तपासाल? आता जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिलं: बिअरवाल्याचं वय आणि सोळा वर्षांच्या मुलाचा ग्लास. तर्क तोच, डोकी तशीच. फक्त विषय ओळखीचा होता आणि फसवाफसवी कुठे होते हे माहीत होतं. म्हणून अर्थशास्त्राची चिकित्सा अर्थशास्त्र शिकतानाच येईल आणि इतिहासाची इतिहास शिकताना. ‘अपेक्षित प्रश्नसंचा’तून शिकलं तर दोन्ही येणार नाहीत.

अडचण अशी की आपल्याकडे विषय शिकवला जातो तो उत्तरांच्या रूपात. हार्वर्डमध्ये विल्यम पेरी यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत विद्यार्थ्यांच्या वर्षानुवर्षं मुलाखती घेतल्या आणि १९७० साली त्यावर पुस्तक लिहिलं. कॉलेजात येणारं पोर सुरुवातीला मानतं की प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते सरांकडे असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘सर, हे परीक्षेत लिहायचं का?’ ही अवस्था. मग सरांमध्येच मतभेद आहेत हे कळतं आणि गाडी दुसऱ्या टोकाला जाते: ज्याचं त्याचं मत, सगळीच बरोबर. पेरींचं वर्णन इथून पुढेही जातं, पण बरेच जण या दुसऱ्या स्टेशनवरच कायमचे उतरतात. आपण फार उदार झालो असं त्यांना वाटतं. ज्या मताला चुकण्याची मुभाच नाही, ते फ्लेक्सइतकंच बिनकामाचं असतं.

हे सगळं पश्चिमेकडून आलेलं आहे, असं कोणाला वाटत असेल तर न्यायदर्शनाकडे वळावं. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं उदाहरण संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाने घोकलेलं असतं. त्याची उलट बाजू फार कमी जणांना सांगितली जाते. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येईल का? नाही. कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आहे: अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशाने होतो? ओल्या सरपणाने. ही मधली अट, तिला ते उपाधी म्हणत, शोधून काढण्यासाठी या मंडळींनी शतकानुशतकं एकमेकांशी भांडणं केली. नियम मांडायचा आणि मग तो मोडणारा लोखंडाचा गोळा शोधत हिंडायचं. वेसन यांच्या २९ पैकी २३ विद्यार्थ्यांना हेच जमलं नव्हतं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघांनाही खरं काय ते हवं असेल तर तो वाद. जिंकायचं असेल तर जल्प. त्यात शब्दच्छल वगैरे सगळं चालतं. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं पाडायचं असेल तर वितंडा. आपल्या कॉलेजांमधल्या वादविवाद स्पर्धा या हिशोबाने जल्पाच्या आहेत. बाजू चिठ्ठी काढून मिळते, परीक्षक टाळ्यांकडे बघतात, आणि समोरच्याचा मुद्दा पटला म्हणून कोणी बाजू बदलली तर करंडक हुकतो. या स्पर्धांनी महाराष्ट्राला वक्ते दिले, यात शंका नाही. विचार करायची सवयही त्यातूनच लागते, हा समज मात्र तपासून बघायला हवा. एखाद्या कॉलेजने एक वर्ष गंमत म्हणून नियम बदलून पाहावेत: दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने प्रतिस्पर्ध्याची बाजू मांडायची आणि ती नीट मांडली गेली की नाही, हे त्या प्रतिस्पर्ध्याने ठरवायचं.

मोबाइलवरच्या माहितीबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यशोधक आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं दाखवून विचारलं, यावर विश्वास ठेवाल का? त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटना होत्या. एक १९३० पासूनची, साठ हजारांवर सदस्यांची. दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेली, अगदी लहान. दोघींची नावं मिळतीजुळती, पानं सारखीच देखणी. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले: मांडणी, संदर्भ, बोधचिन्ह. तथ्यशोधक काही क्षणांत पानाबाहेर पडले आणि या संघटनेबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघू लागले. कारण उघड आहे. संघटना बोगस असली तरी तिचं स्वतःचं पान छानच दिसणार. एआय चॅटबॉटच्या उत्तरालाही हेच लागू. भाषा चूक असो की बरोबर, सारखीच सफाईदार असते. म्हणून सफाईवरून काही ठरवता येत नाही.

शेवटी पुण्यातला एक प्रयोग. इतका स्वच्छ बेतलेला की तो मी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात घातला असता.

फलज्योतिष खरं की खोटं, यावर घराघरांत भांडणं होतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. कारण ‘प्रयत्न केल्यास यश, मात्र अडथळे संभवतात’ हे भाकीत चुकूच शकत नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली भांडण बाजूला ठेवून एक नेमका दावा उचलला. कुंडलीवरून बुद्धिमत्ता सांगता येते, असं ज्योतिषी म्हणतात ना? मग १०० अतिशय हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या, त्या मिसळल्या आणि कोणती कोणाची याची नोंद वेगळी ठेवली. इच्छुक ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या टपालाने पाठवल्या. हुशार की मतिमंद, एवढंच लिहून पाठवायचं.

५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरं आली २७ जणांची. नुसतं नाणं उडवलं असतं तरी ४० पैकी सरासरी २० उत्तरं बरोबर आली असती. योगायोग नव्हे असं खात्रीने म्हणायला २८ तरी हवी होती. सर्वांत चांगला निकाल २४ आला. सगळ्यांची उत्तरं एकत्र केली तर बरोबर उत्तरांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली राहिलं. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासून दिल्या. तिची १०२ बरोबर निघाली. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

ज्यांना हा निकाल आवडला त्यांनीच आता तो जास्त तपासायला हवा. मिलिकनच्या मागोमाग मोजणाऱ्या मंडळींचं काय झालं ते आपण पाहिलं. २४ म्हणजे ६० टक्के, तो एक ज्योतिषी तरी जाणकार नसेल? हिशोब करा. २७ माणसांनी प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवलं तर त्यातले तीन-चार जण निव्वळ नशिबाने २४ किंवा त्याच्या वर जातात. तेव्हा २४ मध्ये काही विशेष नाही. दुसरी शंका जास्त टोकदार आहे. ज्योतिष्यांकडे थोडंसंच कौशल्य असेल, समजा शंभरात ५५ बरोबर येण्याइतकं, तर ते ४० कुंडल्यांत कळलंच नसतं. बरोबर आहे, एकट्याचं कळलं नसतं. पण २७ जणांची मिळून १,०८० उत्तरं होतात. ५५ टक्क्यांच्या कौशल्याने त्यातली ५९४ बरोबर आली असती. नुसत्या नशिबाची सरासरी ५४०, आणि त्यात साधारण सोळा-सतरांचा चढउतार. ५९४ हा आकडा लपला नसता. म्हणजे या प्रयोगाला ‘होय’ म्हणायची सोय होती.

काही शंका तरीही उरतात. जन्मवेळा पालकांनी सांगितलेल्या होत्या. भाग घेणारे स्वतःहून आले होते, ज्योतिष्यांतल्या सर्वोत्तमांची ती निवड नव्हती. तपासला गेला तो एकच दावा. विवाह, नोकरी, आयुष्य यांबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. यावर उपायही आहेत. रुग्णालयाच्या नोंदीतल्या वेळा घ्याव्यात. ज्योतिष्यांच्या संघटनांनाच त्यांचे उत्तम लोक निवडायला सांगावं. विवाह झाला की नाही, यासारखा दुसरा दावा घ्यावा. आणि किती उत्तरं बरोबर आली तर कोण हरलं, हे कुंडल्या टपालात टाकण्याआधी दोन्ही बाजूंनी सही करून ठेवावं. संख्याशास्त्राच्या तृतीय वर्षाच्या वर्गाला एका वर्षाचा प्रकल्प म्हणून हे झेपण्यासारखं आहे. सगळ्यांत जास्त वेळ जाईल तो त्या सह्या मिळवण्यात.